सोळा वर्षांचं क्रेडिट कार्ड बदलायचं आहे, पण त्यामागचा इतिहास घालवायचा नाही

गोदाकाठ | १० फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे ऑगस्ट २००९ मध्ये घेतलेलं क्रेडिट कार्ड आहे. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. पगार ज्या बँकेत जमा व्हायचा त्याच बँकेचा माणूस ऑफिसात फॉर्म घेऊन आला आणि आम्ही चौघींनी सह्या केल्या. पहिली खरेदी आईसाठी मिक्सर, नाशिकच्या एमजी रोडवरून. तेव्हा पिन नव्हता, स्लिपवर सही करायची आणि दुकानदार ती कार्डामागच्या सहीशी ताडून बघायचा. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही ड्यू डेट चुकलेली नाही. मुलीच्या वेळी हॉस्पिटलात होते, तेव्हा नवऱ्याला फोनवरून एकेक पायरी सांगत बिल भरून घेतलं होतं.

आता अडचण. वार्षिक फी दीड हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपये. बदल्यात हाती काही लागत नाही. पॉइंट जमतात, पण ते वटवायला गेलं की कळतं, वर्षभराचे पॉइंट मिळून एक कुकरही येत नाही. दुसरं म्हणजे हे कार्ड यूपीआयला जोडता येत नाही. रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं आणि आमच्याकडे किराणा, दूध, मेडिकल सगळं क्यूआर कोडवरच चालतं.

या कार्डाची लिमिट १ लाख २० हजार. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेचं एक लाइफटाइम फ्री कार्ड घेतलं, त्याची लिमिट ४० हजार. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च तीस हजारांच्या आसपास. आणि मुख्य गोष्ट म्हणजे या दिवाळीच्या सुमारास गंगापूर रोडला फ्लॅट घ्यायचं चाललं आहे, गृहकर्ज काढावं लागेल.

बहीण म्हणते, बंद करून मोकळी हो. भावोजी म्हणतात, कर्ज होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. कस्टमर केअरवाली म्हणाली, "मॅडम, आम्ही अपग्रेड करून देतो, सिबिलला काही फरक पडत नाही." मला काळजी त्या शेवटच्या वाक्याचीच आहे, कारण आपण बिलं-हप्ते कसे भरले यावरून मिळणारा तो सिबिल स्कोअर बँका कर्ज देताना बघतात. सोळा वर्षं सांभाळलेली गोष्ट एका फोनवर सोडून द्यायची माझी तयारी नाही. कुणी हे प्रत्यक्ष केलं आहे का?

रानजाई | १० फेब्रुवारी २०२५, रात्री १०.०५

मीही याच वळणावर आहे, फक्त माझं कार्ड २०१२ चं. वाचते आहे.

रोकडा_व्यवहार | १० फेब्रुवारी २०२५, रात्री १०.५२

बंद करा आणि विसरा. १,७७० रुपये म्हणजे दहा वर्षांत सतरा हजारांच्या वर गेले. आपण कर्ज घेतो तेव्हा बँक आपला पगार बघते, आयकराची विवरणपत्रं बघते, सध्या कोणते हप्ते चालू आहेत ते बघते. तुमचे हप्ते वेळेवर आणि पगार नियमित असेल तर एक कार्ड कमी झालं म्हणून कुणी कर्ज नाकारत नाही. स्कोअर आपल्यासाठी आहे, आपण स्कोअरसाठी नाही. मी माझं जुनं कार्ड २०१९ मध्ये बंद केलं आणि २०२१ मध्ये घर घेतलं. काहीही अडलं नाही.

जुनं_पासबुक | ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.१५

बावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढून निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: प्लास्टिक वेगळं आणि खातं वेगळं. २०१८ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे नुसत्या चुंबकीय पट्टीची कार्डं काढून चिपवाली कार्डं घ्यावी लागली होती, आठवतं का? गोदाकाठताई, तुमचं २००९ चं कार्डही तेव्हा किंवा त्याआधी बदललंच असणार. मुदत संपली की बदलतं, हरवलं की बदलतं, तेव्हा नंबरही बदलतो. इतिहास गेला का? नाही गेला, कारण खातं तेच राहिलं. इतिहास खात्याला चिकटलेला असतो, पाकिटातल्या कार्डाला नाही.

म्हणून तुमचा प्रश्न खरा असा आहे: बँक जे करून देते म्हणते आहे, त्यात खातं तेच राहणार आहे की जुनं बंद करून नवं उघडणार आहेत? 'अपग्रेड' हा एकच शब्द दोन्ही गोष्टींसाठी वापरला जातो. काही ठिकाणी त्याच खात्यावर कार्डाचा प्रकार बदलतात आणि उघडल्याची तारीख जुनीच राहते. काही ठिकाणी नवा अर्ज, नवी चौकशी, नवं खातं आणि जुन्याला टाळं. फोनवरच्या मुलीला हा फरक ठाऊक असेलच असं नाही आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर दोन्हीला 'अपग्रेड'च लिहिलेलं असतं.

आता सिबिलबद्दल. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, तसं आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवून त्यावरून स्कोअर काढणाऱ्या, २००५ च्या कायद्याखालच्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा, असा २०१७ पासून नियम आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट मिळतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर खाली येत नाही. ही भीती मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे. आपण कर्जाला किंवा कार्डाला अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची मात्र नोंद होते.

रोकडाभाऊंचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. वेळेवर भरणं सगळ्यात मोठं. आणि बंद केलेलं चांगलं खातं लगेच पुसलं जात नाही. या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते, त्यामुळे बंद खातंही तुमच्या रिपोर्टात दिसत राहतं. पण ताईंच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे, ती लिमिटची. आज त्यांची एकूण लिमिट १ लाख ६० हजार आणि वापर ३० हजार, म्हणजे जेमतेम १९ टक्के. जुनं कार्ड बंद केलं तर तोच ३० हजारांचा वापर ४० हजारांच्या लिमिटवर येतो, म्हणजे ७५ टक्के. खर्च एक रुपयानेही वाढला नाही, पण कागदावर त्या ओढाताणीत असल्यासारख्या दिसतात. बिल पूर्ण भरलं तरी बँक कळवते त्या दिवशी जी बाकी असेल ती रिपोर्टात जाते. तीस टक्क्यांच्या आत वापर असावा असं आम्ही ग्राहकांना सांगायचो. तो काही कायदा नाही, पण ठोकताळा चांगला आहे.

तेव्हा गृहकर्जाच्या तोंडावर बंद करणं मला पटत नाही. माझा क्रम असा राहील: आधी रिपोर्ट काढा. त्यात या कार्डाच्या नोंदीत उघडल्याची तारीख काय आहे ती बघा आणि ते पान जपून ठेवा. मग बँकेला ईमेल करा. फोन नको. विचारा की कार्डाचा प्रकार बदलल्यावर खातं तेच राहील का, उघडल्याची तारीख तीच कळवली जाईल का, नवी चौकशी होईल का आणि लिमिट तीच राहील का. उत्तर लेखी आलं की मगच होकार द्या.

आणि हो, अपग्रेडच हवं असं काही नाही. त्याच बँकेचं बिनफीचं साधं कार्ड मागता येतं. रुपे हवं असेल तर तेही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या ६ मार्च २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने पात्र ग्राहकाला नवं कार्ड देताना कार्डाचं नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांपैकी कोणतं ते, निवडू द्यायचं आहे आणि जुन्या ग्राहकांना पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी. दहा लाख किंवा त्याहून कमी चालू कार्डं असलेल्या, तसंच स्वतःच्याच नेटवर्कवर कार्ड देणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. तुमच्या कार्डावरची मुदत कधी संपते ते बघा बरं.

गोदाकाठ | ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी १.३०

काका, मनापासून आभार. डबा खाता खाता कार्ड काढून बघितलं, ०५/२५ लिहिलं आहे! म्हणजे मे महिन्यात तसंही नवं येणार. या कार्डावरचे आकडे उठावाचे आहेत, त्यांची चंदेरी पार उडाली आहे. मशीनवाल्याला नंबर वाचून दाखवायची वेळ आली तर मलाच तो पाठ म्हणावा लागतो.

रात्री रिपोर्ट काढते.

मडगावकर | ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.२०

बंद करायचंच ठरवलंत, आज नाहीतर पुढे कधीतरी, तर माझा अनुभव ध्यानात ठेवा.

मी एक जुनं कार्ड बंद करायला सांगितलं. बँकेचं नाव घेत नाही. सगळी बाकी भरली होती. फोनवर "हो सर, रिक्वेस्ट घेतली" म्हणाले, मी कार्ड कापून टाकलं. दीड वर्षाने भावाबरोबर मिळून मडगावात दुकानासाठी कर्ज काढायला गेलो, तर मॅनेजर स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "हे काय आहे?" त्या कार्डावर फी लागली होती, फीवर कर, मग उशिराचा दंड, दंडावर व्याज. मुळात राहिले होते ४३ रुपये, शेवटच्या स्टेटमेंटनंतर लागलेलं काहीतरी. वाढत वाढत अडीच हजारांवर गेलं होतं आणि रिपोर्टातल्या महिन्यांच्या चौकटींत वेळेवर भरल्याची शून्यं जाऊन थकलेल्या दिवसांचे आकडे येत गेले होते. भाऊ शेजारी बसला होता. माणसाने आयुष्यभर कुणाचं काही थकवलं नसेल, तर त्याला त्या खुर्चीत काय वाटतं ते मी सांगू शकत नाही.

दुरुस्त करून घेतलं, पण चार महिने गेले आणि दुकानाची ती जागा हातची गेली.

म्हणून सांगतो. बंद करायची विनंती ईमेलने किंवा बँकेच्या ॲपमधूनच करा, विनंतीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, बाकी शून्य असेल तर विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं बंद केलंच पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरता येत नाही. आणि तीस दिवसांत ही माहिती क्रेडिट कंपन्यांना कळवायची. दुसरं कार्ड बंद करताना मी हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं. त्यांना अकरा दिवस उशीर झाला, साडेपाच हजार खात्यात आले. पैशापेक्षा 'खाते बंद, बाकी शून्य' असं लिहिलेलं पत्र मिळालं, ते जास्त मोलाचं. ते मी मायच्या दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवलं आहे.

रानजाई | ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.४८

बाप रे, ४३ रुपये. माझं बंद केलेलं एक कार्ड आहे, आजच रिपोर्ट काढते.

एडिसनची_दिंडी | १२ फेब्रुवारी २०२५, पहाटे ५.०२

न्यू जर्सीहून लिहितोय. धाग्यात थोडा वेगळा धागा जोडतो, परदेशातल्या मंडळींना उपयोगी पडेल.

मी इकडे आलो तेव्हा पुण्यातलं एक कार्ड चालू ठेवून आलो होतो. हेतू हाच, परत गेलो तर इतिहास शाबूत राहावा. पण ते वापरलंच नाही. वर्षभर कार्ड वापरात नसेल तर ग्राहकाला कळवून ते बंद करायची प्रक्रिया बँक सुरू करू शकते आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर बंद करते. माझा भारतातला फोन नंबर केव्हाच बंद झालेला, ईमेल कुठल्या फोल्डरमध्ये पडलं कुणास ठाऊक. बारा वर्षांचं खातं असं गेलं. बँकेने नियमाप्रमाणेच केलं, तक्रार काही नाही, पण हळहळ आहे. तिकडचं कार्ड जिवंत ठेवायचं असेल तर दर तीन-चार महिन्यांनी आईवडिलांचं एखादं लाइटबिल त्यावर भरा. नुसतं असून उपयोग नाही.

इकडचं गणित सांगतो, कारण तिकडे फिरणारे बरेचसे सल्ले इकडचेच भाषांतर होऊन गेलेले असतात. इथे फायको स्कोअरमध्ये (इकडचा सिबिलसारखा स्कोअर) वेळेवर भरण्याला ३५ टक्के, किती देणं आहे त्याला ३०, इतिहासाच्या लांबीला १५, नव्या कर्जांना १० आणि प्रकारांच्या मिश्रणाला १० टक्के असं वजन जाहीर आहे. बंद झालेलं चांगलं खातं रिपोर्टावर दहा वर्षांपर्यंत राहतं आणि तोवर खात्यांच्या वयात धरलं जातं. फीचं कार्ड त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून घेणं ही इथे रोजची गोष्ट आहे, मी स्वतः दोनदा केलं. पण हे टक्के सिबिलला जसेच्या तसे लावू नका. ती कंपनी वेगळी आणि तिचं गणितही वेगळं.

अंगणातली_तुळस | १२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.१०

गोदाकाठ, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. तुझ्या नावावर सोळा वर्षं आहेत, ती जप बाई.

माझ्याकडे अठरा वर्षं क्रेडिट कार्ड होतं. डोंबिवलीत सगळे मला ओळखायचे. वाणसामान, औषधं, मुलांच्या फिया, सगळं मी त्यावर करायची आणि बिलाची तारीखही मीच लक्षात ठेवायची. २०२१ मध्ये हे गेले. बँकेला कळवल्यावर त्यांचं कार्ड बंद झालं आणि त्याबरोबर माझंही, कारण माझं कार्ड ॲड-ऑन होतं. खातं त्यांचं, माझ्याकडे फक्त नाव छापलेलं प्लास्टिक. मुलाने माझा रिपोर्ट काढला तर त्यात एकही खातं नाही, स्कोअरच्या जागी आकडाच नाही, 'एनएच'. इतिहास नाही, असा त्याचा अर्थ. अठरा वर्षं मी काय केलं मग?

पन्नास हजारांची एफडी करून तिच्यावर चाळीस हजार लिमिटचं कार्ड घेतलं. सहा-सात महिन्यांनी स्कोअर दिसायला लागला. आता माझ्या नावावर दोन वर्षं होतील. सुनेला पहिल्या महिन्यातच सांगितलं, ॲड-ऑन नको, स्वतःचं घे, लिमिट दहा हजार असली तरी चालेल.

जुनं_पासबुक | १२ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२.०५

तुळसताई, तुमचं लिहिणं प्रत्येक घरात वाचून दाखवावं असं आहे. माझ्या टेबलासमोर अशा किती जणी बसल्या आणि त्यांना "तुमच्या नावावर काहीच नाही" हे सांगताना माझीच मान खाली जायची. आज घरी आमच्या हिच्या नावाने एफडीवरच्या कार्डाचा अर्ज भरतो आहे. हे मी आधीच करायला हवं होतं.

गोदाकाठ | १२ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.१५

तुळसकाकू, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आईचंही असंच आहे, बाबांच्या कार्डावरचं ॲड-ऑन. या रविवारी ओझरला जाऊन दोघांशी बोलते.

रिपोर्ट काढला. या कार्डाच्या नोंदीत उघडल्याची तारीख १४ ऑगस्ट २००९. खाली छत्तीस महिन्यांच्या चौकटी, सगळीकडे शून्य, शून्य, शून्य. एका चौकटीत 'एक्सएक्सएक्स' आहे, त्याने जरा धस्स झालं.

जुनं_पासबुक | १२ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.३०

घाबरू नका. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. थकबाकी नव्हे. पान जपा आणि ईमेल टाका.

तिसरी_घंटा | १३ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.४०

सगळे इतिहासावर बोलताय, एक घरगुती गोष्ट राहून जाते आहे. नंबर बदलला की त्या कार्डावर लावलेली, आपोआप होणारी सगळी भरणी थांबतात. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या साइटवर कार्डाचा नंबर साठवत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक आकडा असतो. नवं कार्ड आलं की हे सगळं परत एकदा करावं लागू शकतं. माझा आरोग्य विम्याचा हप्ता असाच अडकला होता. ग्रेस पीरियडमध्ये लक्षात आलं म्हणून पॉलिसी टिकली. जुनं कार्ड चालू आहे तोवर बसून यादी करा: विमा, महावितरण, मोबाइल, ओटीटी, मुलांचे क्लास. मागच्या बारा स्टेटमेंटांवरून करा, आठवणीवरून नको. वर्षातून एकदाच जाणारी रक्कम आठवणीत नसते.

रोकडा_व्यवहार | १३ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.००

पासबुककाकांचा लिमिटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी बंद केलं तेव्हा माझ्याकडे आणखी तीन कार्डं होती, त्यामुळे मला फरक जाणवला नाही. गोदाकाठताई, माझा सल्ला मागे घेतो. फक्त फी भरत बसू नका, हे म्हणणं कायम.

गोदाकाठ | २८ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.२०

ईमेलला तिसऱ्या खेपेस सरळ उत्तर आलं. पहिल्या दोन वेळा आपोआप जाणारं छापील उत्तर होतं. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, सारांश लिहिते: नूतनीकरणाच्या वेळी वार्षिक फी नसलेलं रुपे कार्ड देता येईल, खातं तेच राहील, कार्डाचा नंबर बदलेल, उघडल्याची तारीख बदलणार नाही, लिमिट तीच, नवी चौकशी नाही. उत्तर छापून फाइलला लावलं. होकार कळवला.

गोदाकाठ | ३० जून २०२५, रात्री १०.१०

चार महिन्यांनी परत येते आहे. मधल्या काळात व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणींनी विचारलं, पण सगळं मार्गी लागल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नवं कार्ड १९ मे रोजी आलं. यूपीआयला जोडलं, पहिले पैसे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. घंटाताईंच्या सांगण्याप्रमाणे बारा स्टेटमेंटं घेऊन बसले तर सात भरणी निघाली आणि त्यातली दोन मला खरंच आठवत नव्हती.

या जानेवारीपासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती कळवायची आहे, म्हणून ३ जूनला रिपोर्ट बघितला. आणि जे नको होतं तेच झालं होतं. जुन्या नंबरापुढे 'बंद', तारीख मे २०२५. खाली नव्या नंबराची वेगळी नोंद, उघडल्याची तारीख मे २०२५, महिन्यांच्या चौकटी रिकाम्या. सोळा वर्षांची बाई एका रात्रीत पंधरा दिवसांची झाली होती. पाच मिनिटं नुसती बघत राहिले, मग फाइल काढली.

त्याच रात्री क्रेडिट कंपनीच्या साइटवर तक्रार टाकली, 'उघडल्याची तारीख चुकीची' असं निवडून. बँकेला वेगळं ईमेल, सोबत त्यांचंच फेब्रुवारीतलं उत्तर आणि फेब्रुवारीच्या रिपोर्टाचं पान. नियम हाही लिहिला की तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायची आहे. एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. तरीही दाद मिळाली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी केली होती, कारण सप्टेंबर २०२२ पासून या क्रेडिट कंपन्याही त्या योजनेत आहेत.

तेवढी वेळ आली नाही. बँकेतून एक गृहस्थ फोनवर बोलले, त्यांनी कबूल केलं की कार्डाचं नेटवर्क बदलल्यावर त्यांच्या सिस्टिमने नवी नोंद तयार केली होती. चोविसाव्या दिवशी, २७ जूनला, दुरुस्ती झाली. आता एकच नोंद आहे. नवा नंबर, उघडल्याची तारीख १४ ऑगस्ट २००९, लिमिट १ लाख २० हजार आणि छत्तीस चौकटी परत भरलेल्या.

फेब्रुवारीत काकांनी ते पान जपायला सांगितलं नसतं तर माझ्याकडे दाखवायला काय होतं? कार्ड तर मी मे महिन्यातच कापलं होतं.

रानजाई | ३० जून २०२५, रात्री १०.३५

ताई, ऑगस्टमध्ये माझं बदलायचं आहे. तो ईमेल नेमका कसा लिहिला होता, मजकूर देशील का?

गोदाकाठ | ३० जून २०२५, रात्री १०.५०

देते ना. मराठीत असा होता: "माझ्या कार्ड खात्याचा प्रकार बदलायला माझी तयारी आहे, पण पुढील चार गोष्टींना आपण लेखी होकार दिलात तरच. खातं तेच राहील, उघडल्याची तारीख तीच कळवली जाईल, नवी चौकशी होणार नाही, लिमिट कमी होणार नाही. यातली एकही गोष्ट शक्य नसेल तर बदल करू नये, आधी मला कळवावं." खाली नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, एवढंच. पूर्ण नंबर लिहू नकोस. आणि छापील उत्तर आलं तर त्याच ईमेलला परत उत्तर दे, नवीन सुरू करू नकोस, म्हणजे तारखा एकाखाली एक राहतात.

जुनं_पासबुक | १ जुलै २०२५, सकाळी ७.०५

ताई, शाबास. चिकाटी धरलीत. एक काम अजून बाकी आहे. दुरुस्ती एका कंपनीकडे दिसली, पण गृहकर्ज देणारी बँक चौघींपैकी कुणाचा रिपोर्ट मागवेल ते आपल्या हातात नसतं. उरलेल्या तिघींकडचे फुकट रिपोर्ट आजच काढा. दिवाळीला अजून साडेतीन महिने आहेत, काही निघालं तरी वेळ आहे.

गोदाकाठ | १ जुलै २०२५, रात्री ९.२५

काढले काका. तिघींकडेही २००९ आहे. एकीकडे मात्र आडनाव अजून लग्नाआधीचं आहे. त्याची दुरुस्ती आत्ताच टाकली.